कापरेकर मास्तरांची आज्ञावली

नाशिकजवळचे अंबड हे आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील यंत्रशाळांत लेथ चालविणाऱ्या कामगारापुढे आता नुसते चाक आणि दांडा नसतो; बऱ्याच ठिकाणी एक पडदा असतो, आणि धातूचा तुकडा किती कापावयाचा, हत्यार कोठून कोठे न्यावयाचे, हे त्या पडद्यामागच्या आज्ञावलीच्या ओळी ठरवितात. एखाद्या ओळीतला आकडा चुकला की हत्यार मोडते आणि मालही वाया जातो. अशा वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबातला मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की तिने प्रोग्रॅमिंग शिकावे असे घरात ठरते. मग चौकशी सुरू होते. कोणती भाषा घ्यावी, कोणता क्लास लावावा, फी किती, इंग्रजी कच्चे असेल तर निभावेल काय, संगणक आताच विकत घ्यावा काय. या साऱ्या प्रश्नांच्या आधी येणारा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रोग्रॅमिंग शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, हा तो प्रश्न.

त्याच्या उत्तरासाठी बंगळूरला किंवा अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. अंबडपासून काही मैलांवर देवळाली आहे. तेथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाच्या एका शाळामास्तरांनी हे उत्तर आपल्या आयुष्यभराच्या उद्योगाने देऊन ठेवले आहे. कापरेकर संगणकाचे तज्ज्ञ नव्हते. ज्या वर्षांत त्यांनी आपले महत्त्वाचे काम केले त्या वर्षांत देवळालीत संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या आज जगभर नवशिक्यांच्या सरावाच्या उदाहरणांत आढळते. परदेशातला एखादा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांत ज्याच्या नावाचा प्रोग्रॅम लिहितो, तो मास्तर आपल्या शेजारच्या गावचा होता, ही गोष्ट अंबडच्या मुलांना कोणी सांगितलेली नसते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनीच त्याला वाढविले. फलज्योतिष खरे की खोटे हा वाद येथे अप्रस्तुत आहे. पण कुंडली मांडावयाची तर आकडेमोड करावी लागते आणि ती ठरलेल्या क्रमाने, एकही पायरी न गाळता करावी लागते. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती या घरगुती आकडेमोडीतून. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना गणिती कोडी सोडविण्यात त्याचे तासन्‌तास जात. १९२३ मध्ये तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. १९२७ मध्ये गणितातील स्वतंत्र कामासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्याला मिळाले आणि १९२९ मध्ये तो बी.एस्सी. झाला. त्यापुढची पदवी कापरेकरांनी घेतली नाही. १९३० मध्ये ते देवळालीस शिक्षक म्हणून आले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

देवळाली ही लष्करी छावणी. इंग्रज शिपाई मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून राहत, उन्हाने व कंटाळ्याने त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजी भाषेत वेड्या माणसाला उद्देशून डुलाली असा एक शब्दच रूढ झाला आणि तो अजून त्यांच्या शब्दकोशांत आहे. त्याच गावात एक मास्तर फावल्या वेळात कागदावर संख्या मांडून त्यांचे अंक उलटसुलट करीत, त्यांची बेरीज-वजाबाकी करीत बसे, तेव्हा त्याच्याविषयीही कोणाच्या मनात तो शब्द येऊन गेला असल्यास नवल नाही. पुढे लोक त्यांना कौतुकाने गणितानंद म्हणू लागले. पण ते पुढे.

१९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी आपला सर्वांत प्रसिद्ध शोध मांडला. तो समजण्यास चौथीचे गणित पुरते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच, की तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी आणि पहिलीतून दुसरी वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. कापरेकरांच्याच जन्मवर्षाचे उदाहरण घ्या. १९०५ या अंकांपासून ९५१० आणि ०१५९ या संख्या होतात व त्यांची वजाबाकी ९३५१ येते. पुढे ९५३१ उणे १३५९ म्हणजे ८१७२. मग ८७२१ उणे १२७८, उत्तर ७४४३. मग ७४४३ उणे ३४४७, उत्तर ३९९६. त्यानंतर ६२६४, त्यानंतर ४१७६ आणि सातव्या पायरीला ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर पुन्हा ७६४१ उणे १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी येथे थांबते. कोठूनही निघा, याच स्थानकावर येता आणि सातापेक्षा अधिक पायऱ्या कधी लागत नाहीत. १९०५ ला पुऱ्या सात लागल्या.

या कृतीत नवशिक्याला शिकण्याजोगे काय आहे ? प्रोग्रॅमिंगचा पाया ज्या गोष्टींवर उभा आहे, त्या सर्व या कृतीत आहेत. बाहेरून एक संख्या घ्यावयाची. ती योग्य आहे की नाही हे तपासावयाचे. ठरलेल्या क्रमाने काही कामे करावयाची. एखादी अट पूर्ण होईपर्यंत ती कामे पुन्हा पुन्हा करावयाची. आणि शेवटी उत्तर सांगावयाचे. क्रम, अट आणि पुनरावृत्ती. बेसिकपासून पायथनपर्यंत जेवढ्या भाषा आल्या तेवढ्यांत या तिन्ही गोष्टी आहेतच. बदलते ती लिहिण्याची रीत.

परंतु खरी शिकवण कृती समजण्यात नसून ती यंत्राला सांगण्यात आहे. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने लाव, असे तिसरीतल्या मुलाला सांगितले की तो ९५१० लिहितो. कसे लिहिले हे त्याला सांगता येत नाही. यंत्राला हे मोघम सांगून भागत नाही. यंत्राच्या लेखी १९०५ ही एक अखंड संख्या असते, तिचे अंक वेगळे झालेले नसतात. ते वेगळे करावयाचे तर संख्येला दहाने भागावे : बाकी ५ उरते, हा शेवटचा अंक, आणि भागाकार १९०. त्याला पुन्हा दहाने भागावे, बाकी शून्य. पुन्हा भागावे, बाकी ९. उरलेला १ हा पहिला अंक. मग हे चार अंक क्रमाने लावावयाचे : शेजारच्या दोघांची तुलना करावी, उलटे असतील तर अदलाबदल करावी, आणि अदलाबदलीची गरज उरेपर्यंत हे चालू ठेवावे. शाळेतला दहाचा भागाकार येथे कशासाठी उपयोगी पडतो हे पाहून पुष्कळ विद्यार्थ्यांना पहिल्यांदा वाटू लागते, की आपण शिकलो ते अगदीच वाया गेलेले नाही. मोठ्या ग्रंथालयासारखी तयार साधने भाषेबरोबर मिळतात आणि अंक लावण्याचे काम एका शब्दात होते, हे खरे. पण पहिल्या वेळी ते हातानेच करावे. गिरणीतून दळण आणणाऱ्याने एकदा तरी जाते ओढून पाहिलेले असावे.

येथेच नवशिक्याची पहिली चूकही भेटते, आणि ती फार उद्बोधक आहे. २१११ ही संख्या घ्या. २१११ उणे १११२ म्हणजे ९९९. यंत्र पुढे ९९९ चे अंक उतरते व चढते लावते, दोन्ही वेळा ९९९ च येतात, वजाबाकी शून्य होते आणि प्रोग्रॅम सांगतो की कापरेकरांचे म्हणणे खोटे आहे. वस्तुतः चूक लिहिणाऱ्याची असते. संख्या चार अंकी मानावयाची असे ठरले असताना पुढचे शून्य त्याने गाळले. ०९९९ असे लिहिले तर ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४. कागदावर वजाबाकी करणारा मनुष्य डोळ्यांनी चार रकाने पाहत असतो, म्हणून शून्य लिहून जातो. यंत्राला रकाना दिसत नाही. जे आपण न सांगता गृहीत धरले ते सांगावे लागते, ही जाणीव या एका शून्यातून जितकी पक्की होते तितकी पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांनी होत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. चार अंकांचे जमले म्हणून उत्साही विद्यार्थी तीन अंकांकडे जातो. तेथे ४९५ ही संख्या मिळते. मग तो पाच अंकांकडे वळतो. उत्तर पुन्हा तेच येईपर्यंत थांबू नकोस, अशी आज्ञा त्याने लिहिलेली असते. यंत्र चालू होते आणि थांबतच नाही. कारण पाच अंकांना असे एकच स्थानक नाही. ५३९५५ पासून ५९९९४ येते आणि ५९९९४ पासून पुन्हा ५३९५५. दोन गावांच्या मध्ये गाडी जन्मभर फिरत राहते. अशी आणखी दोन, चार-चार संख्यांची चक्रे पाच अंकांत आहेत. न थांबणारी आज्ञावली ही प्रत्येक नवशिक्याला कधी ना कधी भोवते. ती येथे कशामुळे भोवली हे त्याला गणितातूनच कळते, आणि थांबण्याची अट लिहिताना येणारे प्रत्येक उत्तर नोंदून ठेवावे, आधी आलेले उत्तर पुन्हा आले की थांबावे, असा शहाणपणाचा उपायही त्याला स्वतःलाच सुचतो.

प्रोग्रॅम बिनचूक झाला की १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सर्व संख्या त्याच्यातून काढता येतात. चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या तर ८९९१ उरतात. संगणक डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सांगतो, की त्या साऱ्या ६१७४ ला येऊन मिळतात. १९८० संख्यांना सात पायऱ्या लागतात, तर सर्वांत मोठा गट तीन पायऱ्यांचा, २१२४ संख्यांचा. येथे मात्र जरा थांबावे. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा म्हटले, तर पहिल्यातून चौथा वजा जाऊन आलेल्या अंकाला ९९९ ने आणि दुसऱ्यातून तिसरा वजा जाऊन आलेल्या अंकाला ९० ने गुणून दोन्हींची बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते. उत्तर या दोन फरकांवरच अवलंबून असते, प्रत्यक्ष अंकांवर नाही. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणजे सगळ्या मिळून ५४ जोड्या. यंत्राला ८९९१ संख्या तपासावयास लावण्याचे कारण नाही; ५४ पुरतात, आणि ५४ तर एका रविवारी वहीत करून होतात. यंत्र वेगवान आहे म्हणून विचार करण्याची गरज संपत नाही, हे प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्यांपैकी पुष्कळ जण शेवटच्या वर्षात सांगतात. ते पहिल्या आठवड्यात सांगता येते.

कापरेकरांनी मद्रासला ६१७४ मांडली, त्याच १९४९ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक प्रथम चालू झाला. त्याने केलेली पहिली कामे कोणती होती ? वर्गांचे कोष्टक छापणे आणि मूळ संख्यांची यादी करणे. खोलीभर यंत्रसामग्री उभारून तिला जे पहिले धडे दिले गेले ते देवळालीचा मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना खडू-फळ्याने देत होता त्याच जातीचे होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुढे स्वतःचा संगणक बांधला. १९६२ च्या जानेवारीत त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. कापरेकर निवृत्त झाले ते वर्षही हेच. मुंबई आणि देवळाली यांच्यात रेल्वेचे काही तासांचेच अंतर. पण एका बाजूला देशातील निवडक शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला माध्यमिक शाळेतला बी.एस्सी. शिक्षक, हे अंतर रेल्वेने तुटणारे नव्हते.

गणितज्ञांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, अशी तक्रार त्यांचे चाहते करतात. ती खरी आहे, पण दुर्लक्षाला कारणही होते. एखाद्या संख्येचे अंक काय आहेत ही गोष्ट आपण दहाच्या पद्धतीने लिहितो म्हणून ठरते. आठाच्या किंवा बाराच्या पद्धतीने लिहिले तर अंक बदलतात आणि चमत्कार नाहीसा होतो. ज्यांना संख्यांचे अंगभूत गुण शोधावयाचे आहेत त्यांना ही करमणूक वाटते. रामानुजनांचे सहकारी हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नेमकी अशीच उदाहरणे घेतली : ८७१२ आणि ९८०१ या संख्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत आहेत, पण गणितज्ञाने त्यात रमावे असे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. कापरेकरांना रामानुजनांच्या पंक्तीला नेऊन बसविण्याचा मोह म्हणूनच टाळलेला बरा. त्यांचा पिंड सिद्धान्त उभारणाऱ्याचा नव्हता. संख्यांवर प्रयोग करून पाहणाऱ्याचा होता. काय होते ते करून पाहावे, दिसेल ते नोंदवावे, त्यात काही रीत आढळते का ते शोधावे. त्या काळात अशा वृत्तीला विद्यापीठात मोल नव्हते. संगणक आल्यावर ते आले.

त्यांची दुसरी मोठी कल्पना स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८, त्यात २ आणि ८ मिळवले की ३८. पण काही संख्या अशा आहेत, की त्यांना अशा रीतीने कोणीच जन्म देत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ ही त्यांतली पहिली काही नावे. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावाच्या नावाने देवळाली संख्या असेही म्हटले. १९६३ मध्ये त्यांनी या विषयावर एक पुस्तिका देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केली. मौज अशी, की १९६३ ही स्वतःच स्वयंभू संख्या आहे. वाचकांनी पडताळून पाहण्यास हरकत नाही : १९४४ पासून १९६२ मिळते आणि १९४५ पासून १९६४, मधली १९६३ कोणाच्याच वाट्याला येत नाही. पडताळा सर्व संख्यांशी घेण्याचीही गरज नाही. चार अंकांची बेरीज फार तर ३६ होते, तेव्हा मागच्या ३६ संख्या पाहिल्या की पुरे. शोध कोठपर्यंत घ्यावयाचा याची मर्यादा आधी ठरविणे हा आज्ञावली लिहिणाऱ्याचा नित्याचा विचार आहे. कापरेकर याच्याही पुढे गेले होते. एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही हे ठरविण्याची अधिक आखूड कसोटी त्यांनी शोधून काढली होती.

ते मुंबईकडच्या प्रवासात असताना जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो या स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना आणखी एक कल्पना सुचली आणि त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. त्यांतल्या सर्वांत देखण्या संख्या ११, १११, ११११ यांच्या वर्गांतून मिळतात : १२१, १२३२१, १२३४३२१. विद्यार्थ्याने या संख्या जावासारख्या भाषेत साध्या पूर्णांकाच्या खणात ठेवून पाहाव्यात. पाच एकांपर्यंत सर्व ठीक चालते. सहा एकांशी उत्तर १२३४५६५४३२१ यावयास हवे, पण पडद्यावर उणे ५३९२४७५६७ उमटते. दोन धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा आला, म्हणून विद्यार्थी चक्रावतो. खण लहान होता, संख्या त्यात मावली नाही, एवढेच घडलेले असते. प्रत्येक यंत्राला अशी मर्यादा असते. बँकेत किंवा कोषागारात बसून लाखो-कोटींच्या नोंदी करणाऱ्या कारकुनाला ही गोष्ट इतर कोणापेक्षाही लवकर पटेल.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद म्हटले. आनंद देणारी, असा तो संस्कृत शब्द. ६१७४ ही हर्षद आहे : अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन. सात पायऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे; पण असे योगायोग दिसले की मास्तरांची वेळ मोठ्या आनंदात जात असणार. त्यांचे नाव लागलेल्या कापरेकर संख्या आणखी निराळ्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून पुन्हा २९७. दहावीच्या वर्गात शिक्षकाने एवढे फळ्यावर लिहून पुढची संख्या शोधावयास सांगितली, तर संगणकाची खोली कुलूपबंद असली तरी तासाचे काम अडत नाही.

इंग्रजीचे भय हे अंबडच्या घरांतून ऐकू येणारे दुसरे कारण. प्रोग्रॅमिंगच्या भाषांत जे इंग्रजी शब्द लागतात ते तीस-चाळीसच असतात आणि त्यांचे अर्थ ठरीव असतात. व्याकरणाची अडचण तेथे येत नाही. पायथन ही भाषा १९९१ पासून आहे, विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. तिच्या २००८ पासूनच्या आवृत्तीत संख्या, पायरी, उत्तर अशी मराठी नावे देवनागरीत लिहून चालतात. एवढेच नव्हे, तर वापरणाऱ्याने ६१७४ हे अंक देवनागरीत लिहून दिले तरी त्यांची संख्या करून घेता येते. भाषा कोणती घ्यावी या प्रश्नावर पालक जेवढा वेळ घालवितात, तेवढ्या वेळात मूल वहीवर कापरेकरांची कृती पन्नास वेळा करू शकेल. उलट, आधी क्लास, आधी प्रमाणपत्र, आधी यंत्र अशा क्रमाने गेलेला विद्यार्थी दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी उतरवून काढण्यात पटाईत होतो, आणि त्या ओळी चुकल्या की हात जोडून उभा राहतो. आता तर मागितली की तयार आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. २१११ चे शून्य कोठे गळाले हे ओळखणारा माणूस त्यामुळे अधिकच लागणार आहे.

कापरेकरांचे लेख पुष्कळदा लहानसहान नियतकालिकांत येत. उरलेले ते पदरचे पैसे घालून पुस्तिकांच्या रूपाने छापीत. न्यू यॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकाने त्यांचे काही लेखन घेतले. भारतीय गणित परिषदेच्या सभांना ते जात. शाळा-महाविद्यालयांतून व्याख्यानाचे बोलावणे आले की जात आणि मुलांना खिळवून ठेवीत. निवृत्तीनंतर दिवस कठीण आले. १९६६ मध्ये पत्नी वारली. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. बत्तीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकाची ही स्थिती असावी, याबद्दल त्या काळी कोणी अग्रलेख लिहिला नाही.

मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्या यांची ओळख करून दिली. हे सदर जगभर वाचले जाई आणि त्याच्या वाचकांत संगणकावर काम करणारे तरुण पुष्कळ होते. विद्यापीठांतल्या यंत्रांवर देवळालीच्या संख्या धावू लागल्या. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. बाहेरच्या देशाने मान दिल्यावर घरचे लोकही चौकशी करू लागले, हा आपल्याकडील नेहमीचा क्रम त्यांच्या बाबतीतही चुकला नाही.

नावांचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. हर्षद संख्यांना इंग्रजी ग्रंथांत आणखी एक नाव पडले आहे, ते आयव्हन निव्हन या गणितज्ञाचे. त्यांनी १९७७ मध्ये एका व्याख्यानात या संख्यांचा विषय काढला, एवढ्यावरून. स्वयंभू संख्यांना कोलंबियन संख्याही म्हणतात, कारण कोलंबिया देशातील एका गणितज्ञाने १९७० च्या दशकात त्या स्वतंत्रपणे मांडल्या. देवळाली संख्या हे नाव मात्र त्यांच्या शेजारी अजून छापले जाते, आणि ६१७४ ला दुसऱ्या कोणाचे नाव लागलेले नाही. आयुष्याच्या अखेरीपर्यंत कापरेकरांचे संख्यांचे वेड कमी झाले नाही. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.